उकळलेली सुई

“ती सुई खाली ठेवा.”

डॉक्टर चन्नबसप्पांचा हात हवेतच थांबला. बाकावर आडव्या झालेल्या गुरम्मानं दंडावरचा पदर आधीच सारून ठेवला होता. तिनं डोळे उघडून लेकीकडं पाहिलं.

“काय झालं गं शिवकांता?”

“अव्वा, तू पडून राहा. डॉक्टरसाब, हीच सुई आत्ता तुम्ही त्या बाळंतिणीला टोचली. तिच्या आधी त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला. मी दारातून बघायलेय.”

“स्पिरिटनं पुसली की.”

“पुसून भागत नाही. उकळावी लागते.”

“बीएस्सी झाली न्हाई का तू?” डॉक्टर हसले. “मग ये, बस माझ्या खुर्चीवर.”

बाकीचे रोगीही हसले. शिवकांता हसली नाही. दोन महिन्यांत त्यांच्या गल्लीत कुणाच्या दंडावर, कुणाच्या कमरेवर गळवं आली होती. शेजारच्या रेवणप्पाचं गळू तर लातूरला नेऊन कापावं लागलं. तो अजून पालथा झोपत होता. सगळ्यांनी सुई इथंच घेतलेली. आणि आता आईचा ताप आठवडा झाला तरी हटत नव्हता. लातूरला चल म्हटलं तर ती ऐकत नव्हती. तिला म्हणे चन्नबसप्पाचीच सुई लागू पडत होती.

कोपऱ्यात सुया उकळायचा स्टीलचा डबा होता. शिवकांतानं झाकण काढलं. आत डॉक्टरांची पानसुपारी होती.

“हे काय?”

“पाणी कुठून आणू?” डॉक्टरांचा आवाज चढला. “टँकर येईल तवा येईल. लोकांनी प्यावं का मी सुया शिजवाव्यात? जा, कलेक्टरला सांग. जिल्हा नवा केलाव, पाणीबी नवं धाडा म्हणावं.”

“पाणी नसेल तर टोचू नका. गोळ्या द्या.”

“आन् गोळ्या घेऊन मी घरी जाऊ व्हय?” भिंतीला टेकलेली केवळाबाई ताडकन उठली. “एवढ्या उन्हात पाय भाजत आले मी. सुई न्हाई तर डाक्टर कशाचा?”

“केवळामावशी, रेवणप्पाची कंबर पाहिलीस का?”

“त्याचं रगतच खराब हाय. तू मधी बोलू नको पोरी. शिकली म्हणून लई झाली का?”

दोघं-तिघं केवळाबाईच्या बाजूनं बोलले. डॉक्टरांनी दोन्ही हात पसरले. “ऐकलंस? मी न्हाई टोचलं तर बसस्टँडमागच्या जडीबुटीवाल्याकडं जातील. तो तर सुई पुसतबी न्हाई.”

शिवकांताची कानशिलं तापली. या माणसाला सगळं कळत होतं. कॉलेजात शिकून आला होता, भिंतीवर काचेत प्रमाणपत्र लावलं होतं. तरी चार माणसांत एकच सुई फिरवताना त्याला काही वाटत नव्हतं. आणि लोक त्याच्याऐवजी तिच्यावर डोळे काढत होते.

“अव्वा, हिथंच थांब. मी येईपर्यंत टोचून घेतलंस तर माझी शपथ.”

ती घरी गेली. घरात एकच घागर भरलेली होती. आईला तापात प्यायला म्हणून ती ठेवलेली. तिनं स्वतः सकाळपासून अर्ध्या पेल्यावर भागवलं होतं. तिनं घागर कमरेवर घेतली.

शेजारच्या शकिलाभाभीनं दारातून हटकलं. “पानी घेऊन कुठं चाललीस गं? डोकं फिरलं का?”

“सुया उकळायला.”

शकिलाभाभीला आधी कळलं नाही. शिवकांतानं सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घागरीत ओतलं. “रात-दिन रेवणप्पाचं कण्हणं ऐकते मी भिंतीतून. जा. त्या चन्नबसप्पाला माझ्या नावानं दोन शिव्यापन दे.”

दवाखान्यात शिवकांतानं पानसुपारी टेबलावर ठेवली, डबा घासला, भरला. स्टो तिनंच पेटवला. डॉक्टर खुर्चीवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते.

“आता झालं असंल की.”

“पाणी आत्ता उकळायला लागलंय. इथून पुढं वीस मिनिटं. आणि हात धुवा. साबणानं.”

“मास्तरीण झालीस जणू.” पण ते उठले आणि त्यांनी हात धुतले.

केवळाबाई वाफेकडं बघत होती. “आमचं पिण्याचं पाणी लोखंडाला पाजायलीस बाई तू,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “माझीबी त्यातच टाक मग. एकच कशाला?”

“सगळ्यांच्याच टाकल्यात मावशी. प्रत्येकाला वेगळी.”

डबा उघडला तेव्हा खोली वाफेनं भरली होती. डॉक्टरांनी चिमट्यानं सुई उचलली, कुपीची मान मोडली, औषध ओढून घेतलं आणि गुरम्माच्या दंडात टोचलं. त्यांनी हे सगळं नीट केलं. शिवकांताची नजर त्यांच्या बोटांवरून हलली नव्हती.

“आत गेल्याबरोबर कळतंय बघ,” गुरम्मा म्हणाली. तिच्या ओठांवर हसू होतं. “उतरतोय आता ताप. उगं लातूर लातूर करायलीस.”

“आता माझी,” केवळाबाईनं बाही वर केली. “तीच द्या डाक्टर, ह्यांना दिलेली. लई गुण हाय तिला.” डॉक्टरांनी मात्र डब्यातली दुसरी सुई उचलली.

शिवकांतानं घागर उचलली. ती रिकामी होती, पण सकाळपासून छातीत पेटलेलं थोडं निवलं होतं. दारात जाऊन ती परत फिरली.

“डॉक्टरसाब, औषधाचं नाव सांगा. ताप उतरला नाही तर लातूरला विचारतील.”

“तापाचं हाय. कडक हाय,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “तुला नाव घेऊन काय करायचंय?”

त्यांच्या पायाशी कचऱ्याची टोपली होती, आठवडाभराच्या रिकाम्या कुप्यांनी काठोकाठ भरलेली. शिवकांता वाकली. तिनं वरची कुपी उचलली, मग खालची, मग हात घालून तळाची. सगळ्यांवर निळ्या इंग्रजी अक्षरांत एकच नाव होतं: डिस्टिल्ड वॉटर.