घरच्यांचा फोटो

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्लस्टन शहरातल्या त्या जुन्या हवेलीचं संग्रहालय झालं, त्या दिवशी मूळ मालकांचे वंशज दारापुढच्या पायऱ्यांवर फोटोसाठी उभे राहिले. बघ्यांमधून कृष्णवर्णीय निवृत्त शिक्षिका व्हर्डेल निघाली आणि सरळ त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

"बाई, हा फक्त घरच्यांचा फोटो आहे," फोटोग्राफर म्हणाला.

"म्हणूनच आले. माझी खापरपणजी इथे गुलाम होती."

"त्याचं वाईटच वाटतं हो," शेजारची गोरी म्हातारी म्हणाली, "पण ती काही घरची नव्हे."

"ती नव्हती. तिचं लेकरू होतं. आत तेव्हाच्या मोठ्या मालकांची तसबीर लावलीय, तिच्याशी माझं नाक ताडून बघा."

म्हातारीला आत जावं लागलं नाही. व्हर्डेलकडे बघता बघता तिचा हात स्वतःच्याच नाकाकडे गेला, आणि तिने सरकून जागा करून दिली.