शून्य कोटीची रेघ

क्लास सुटल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई रसायनशास्त्राच्या सरांकडे आल्या. लेकीची वही उघडून त्यांनी विचारलं, “सर, आलेखावरून अभिक्रियेची कोटी कशी ओळखायची?”

सरांनी फळ्यावर वेळेनुसार उरत जाणाऱ्या पदार्थाचे दोन आलेख काढले. “पदार्थ कमी होत गेला तरी वेग तोच राहिला, तर रेघ सरळ खाली येते. ती शून्य कोटी. पदार्थ निम्मा झाला की वेगही निम्मा होत असेल, तर रेघ वळत उतरते. ती प्रथम कोटी.”

बाईंनी सगळं सावकाश वहीत उतरवून घेतलं.

“पण लेकीलाच पाठवायचं ना! परवा चाचणीलाही आली नाही.”

 

“ती गेली सर, मागच्या सोमवारी. ‘सरांना विचारायचं’ असं लिहिलेली एवढीच शंका वहीत राहिली होती.”