तासाच्या आत

टॅक्सी सुरू होईपर्यंत शिंप्याने दोनदा घड्याळ पाहिलं. त्याचा एक हात शर्टाच्या आत होता, डाव्या काखेशी. काल दुकान बंद करण्याआधी त्याने स्वतःच्याच बनियनला आतून एक खिसा शिवला होता. त्या खिशात घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची डबी होती. लॅबमधली मुलगी फोनवर म्हणाली होती, "घरून आणलंत तरी चालेल. फक्त अंगाच्या उबेत ठेवा आणि तासाच्या आत पोचवा."

स्कूटर नेमकी आजच रुसली. "तू तरी चल बरोबर," असं तो बायकोला म्हणाला, तेव्हा ती जेवणाचा डबा भरत होती.

"माझं सगळं झालंय," ती म्हणाली. "रक्त झालं, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्यांची तपासणी झाली. तुझं एवढं एक तू ने." आणि चप्पल घालून कामावर निघून गेली.

म्हणून मग वडिलांची टॅक्सी. वडील अडतीस वर्षं टॅक्सी चालवत होते. मागे बसलेल्याने कितीही जीव खाल्ला तरी त्यांचा काटा चाळिसाच्या पुढे सरकत नसे.

"बाबा, जरा दामटा ना."

"दवाखाना काय पळून चाललाय?"

"तासाच्या आत द्यायचंय."

"काय?"

"सॅम्पल."

"रक्ताचं?"

"नाही."

"लघवीचं?"

"नाही."

वडिलांनी त्याच्या शर्टात गेलेल्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढच्या सिग्नलला ते शेजारच्या सीटवर बसलेल्या त्याच्या अंगावरून वाकले आणि त्याच्या बाजूची काच त्यांनी वरपर्यंत चढवली.

"गार व्हायला नको असेल," ते म्हणाले.

चौकाच्या पुढे रस्ता खणून ठेवला होता. वडिलांनी टॅक्सी बाजारातल्या बोळात घातली. टोपल्या, हातगाड्या, मधेच पोतं टेकवून उभा राहिलेला एक हमाल. हॉर्न वाजवत, हात बाहेर काढून लोकांना बाजूला सारत ते वाट काढत होते.

"मागच्या महिन्यात सूनबाईला घेऊन आलो, तेव्हा ती मागे पोट धरून बसली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, खाण्यात काही आलं असेल."

"ती नळ्यांची तपासणी होती. फार दुखलं तिला."

"आणि तुझी ही कितवी?"

"पहिली."

"लग्नाच्या पाच वर्षांत?"

हमालाने पोतं उचललं, वाट मोकळी झाली.

"तुझी आई तिला घालूनपाडून बोलते, तेव्हा तू कुठे असतोस?"

"तिथेच."

वडिलांनी गिअर टाकला. "मीही तिथेच असतो," ते म्हणाले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर काटा साठावर गेला. शिंप्याने दुसऱ्या हाताने दाराची कडी धरली.

लॅबमध्ये बसायला जागा नव्हती. खिडकीपाशी एक ट्रे होता. शिंप्याने कागदात गुंडाळलेली डबी त्यात ठेवली आणि चोरासारखा मागे सरकला. दोन खुर्च्या रिकाम्या होताच वडील आणि तो शेजारी शेजारी बसले. तेवढ्यात वडिलांच्या पलीकडची बाई वाकून म्हणाली, "अय्या, मास्तर, तुम्ही?"

त्याचं जुनं गिऱ्हाईक. शेजारच्याच इमारतीत राहायची.

"मिसेसना बरं नाही का?"

"हो, तिचंच जरा..." तो म्हणाला.

वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीवरची वेळापत्रकाची पाटी वाचू लागला.

"सीमेनची डबी कुणाची आहे?" खिडकीतल्या मुलीने कागद सोडवत मोठ्याने विचारलं. "यावर नाव नाही, वेळ नाही. अशी घेता येणार नाही."

सगळ्या माना वर झाल्या. कुणीतरी खाकरलं. शिंप्याने पाटीवरच्या वेळा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

"कुणाची आहे? नसेल कुणाची तर टाकून देते."

वडील उठले. "आमची आहे," ते म्हणाले.

मुलीने त्यांचे पांढरे केस पाहिले. "आजोबा, तुमची?"

मागच्या रांगेत हशा पिकला. वडील तसेच उभे राहिले, टॅक्सीच्या किल्ल्या मुठीत घट्ट धरून. "आमच्या घरची आहे," ते म्हणाले. "टाकू नका."

तेव्हा शिंपी उठला. "बाबा, बसा तुम्ही," तो म्हणाला आणि खिडकीपाशी गेला. "माझी आहे." आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मग त्याने नाव सांगितलं, वय सांगितलं, नऊ वाजून पाच मिनिटं ही वेळ सांगितली. मुलीने घड्याळाकडे पाहिलं. दहाला तीन मिनिटं कमी होती.

"चालेल," ती म्हणाली आणि लिहू लागली. "रिपोर्ट परवा संध्याकाळी."

तो सही करत होता. पाठीमागे वडील खुर्चीत बसल्याचा आवाज आला, आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, ते शेजारच्या बाईला सांगत असलेलं त्याला ऐकू आलं.

"आमच्या सूनबाईला काही झालेलं नाही हो. ठणठणीत आहे ती."