चौथ्या मोसमातला गुडघा

खेळाडूंच्या लिलावाआधीची चाचणी अकरा मिनिटांत आटोपली, आणि तेवढ्यात प्रणय मोकलची दहा वर्षांची कबड्डी खेळून झाली. तो स्वतः खुर्चीतून हललासुद्धा नव्हता. सकाळी त्याचं अंग मोजून यंत्रानं बनवलेलं प्रतिरूप पडद्यावर डावा कोपरा सांभाळत मोसमामागून मोसम खेळत होतं, आणि शेजारी बसलेले भोईरसर "धर, धर त्याला!" म्हणत मांडी थोपटत होते.

चौथ्या मोसमात प्रतिरूपानं चढाईपटूचा घोटा धरला आणि उजवा गुडघा त्याच्याच अंगाखाली मुडपला. ते पुन्हा उठलं नाही. पुढचे सहा मोसम कोपरा रिकामाच दिसला.

ती पकड सरांची होती. गावच्या मैदानावर त्यांनी ती प्रणयकडून वर्षानुवर्षं घोटून घेतली होती, आणि आज सकाळी यंत्रापुढे हौसेनं तीच करायला लावली होती.

"अहो, ते मैदानाच्या पाया पडलं नाही," सर निवड समितीच्या बाईंना म्हणाले. "आमचा पोरगा रेषेला हात लावल्याशिवाय आत जात नाही. हा तो नव्हेच!"

"त्यानं निकाल बदलत नाही, सर," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

"चल रे," सर उसन्या जोरात म्हणाले. "गुडघा ठणठणीत आहे तुझा. यंत्राला काय कळतंय!"

"हो सर," म्हणत, सकाळी पायऱ्या धावत चढून आलेला प्रणय खुर्चीला धरून उठला आणि उजवा पाय जपून टेकत, लंगडत दाराकडे निघाला.

सरांनी खांदा पुढे केला.