अवलंबून

कंपनीच्या टाइम ऑफिसमधल्या गुरुदत्त प्रधानांनी पत्र वाचून दाखवलं आणि घडी घालून सत्यवतीच्या हातात दिलं. पत्र त्यांनीच टाइप केलं होतं. सहा जून एकोणीसशे एक्याण्णव. सततच्या गैरहजेरीमुळे तुळशीराम घरत, पावडर पॅकिंग, यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.

"म्हंजे आता नाव नाय त्यांचा?"

"नाही, वहिनी."

"आन् विम्याचा कार्ड?"

"जूनअखेरपर्यंत चालेल. पुढे इस्पितळात घेणार नाहीत."

पहिली पाळी सुटली होती. तुळशीरामबरोबर बारा वर्षं काम केलेली माणसं खिडकीवरून जात होती. कुणी ओळख दाखवली नाही.

तुळशीरामची फुफ्फुसं गेली होती. महिन्यातून दोनदा त्याला विम्याच्या इस्पितळात न्यावं लागे. तिथे नाकाला नळी लावली की दोन दिवसांनी तो पुन्हा माणसात येई. नळी वेळेवर मिळाली नाही तर काय होतं, ते सत्यवतीने एकदा पाहिलं होतं, ओवे गावाहून निघालेल्या टेम्पोत. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते, आणि त्याने तिचं मनगट असं धरलं होतं की चार दिवस बोटांचे वळ गेले नव्हते.

"मना घ्या कामाला," ती म्हणाली.

प्रधानांनी मान वर केली.

"पॅकिंगला बाया लागतात ना? दोन कमी हायत, आमचे गावची बाय सांगत व्हती. मंग कार्ड माझे नावाचा निघंल. त्याच्यावर नवऱ्याला औषध मिलंल का नाय, तेवढा सांगा."

"मिळतं," प्रधान बोलून गेले. "नाव चढलं त्या दिवसापासून मिळतं." मग त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "पण वहिनी, खोली तीच आहे. निळी पावडर तीच. धूळ ओढणारा पंखा बसवणार म्हणतात, अजून बसवलेला नाही."

"मना ठाव हाय. बारा वर्सं त्यांचे कपडे मीच धुतलेत."

प्रधानांनी खणातून फॉर्म काढला. विमेदाराचं नाव, वय, गाव. त्याखाली, विमेदारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती. तिथे तुळशीरामचं नाव लिहिताना खाली मान घालून बसता येतं, याचं त्यांना बरं वाटलं. मस्टरवरच्या त्याच नावावर सकाळी त्यांनीच रेघ ओढली होती.

सत्यवतीने सही केली. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलीसारखं.

"घरी मी क्यांटीनचा काम सांगनार हाय," ती म्हणाली. "तुमी कुनाकडं बोलू नका."

कार्ड आलं. जुलैत तुळशीरामला पुन्हा भरती केलं तेव्हा इस्पितळाच्या खिडकीवरच्या माणसाने फक्त नवा नंबर लिहून घेतला. खाट मिळाली, नळी मिळाली. गणपती गेले, दिवाळी गेली. तुळशीराम होता.

पाळी सुटल्यावर सत्यवती कंपनीच्या नळावर घासघासून अंग धुवायची, लुगडं बदलायची आणि मगच गावची वाट धरायची. अधूनमधून नाक्यावरची भजी घ्यायची आणि क्यांटीनमध्ये उरली होती म्हणून सांगायची. तो एखादं तोंडात टाकायचा. चांगली हायत, म्हणायचा.

थंडीच्या दिवसांतली ती संध्याकाळ. औषधाचा चमचा घेऊन ती त्याच्यावर वाकली. त्याने तोंड उघडलं नाही. तो तिच्या कानाकडे पाहत होता. कानामागे, धुताना बोट पोचत नाही तिथे, निळी रेघ राहिली होती.

त्याने हात उचलला. अंगठ्याने ती रेघ पुसली, अंगठा डोळ्यांजवळ नेला, आणि मग पांघरुणाला घासला.

सत्यवती चमचा धरून तशीच थांबली. तो ओरडेल, चमचा उडवून देईल, उद्यापासून जायचं नाही म्हणेल. त्या सगळ्याची उत्तरं तिने कधीपासून तयार ठेवली होती.

"फडका ओला करून बांध," तो म्हणाला. पुढचं बोलायला त्याला दम घ्यावा लागला. "सुका नको. सुक्यातून सगला आत जाते. आन् गोनीचा तोंड उघडताना वाकू नको."

एवढं बोलून त्याने तोंड उघडलं. तिने औषध पाजलं.

तिला सुटल्यासारखं वाटलं. लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच भीती वाटली.

बाटलीला बूच लावता लावता तिला खोकला आला. छातीच्या तळातून, चिकट, मध्येच अडकून पुन्हा उसळणारा. तिने पदर तोंडात कोंबला. थांबेना.

ओटीवर सासू भामा वाटाणे सोलत बसली होती. तिथूनच तिने हाक दिली.

"तुळशीराम, पानी पी रं पोरा. आज लय उबाललाय तुजा खोकला."

तुळशीरामने उशाजवळचा तांब्या उचलला. थोडं पाणी अंथरुणावर सांडलं. त्याने तांब्या सत्यवतीच्या पुढे धरला आणि ओटीकडे तोंड केलं.

"पितो, आये," तो म्हणाला.