आधी कोण थांबणार

"आई, इंजिन धरत नाहीये," वायरलेसवर लेक म्हणाली.

बंदराच्या मनोऱ्यात वायरलेस सांभाळणाऱ्या काकू खिडकीशी धावल्या. लेकीची लाँच माणसांनी भरलेली, आणि बंद पडली ती नेमकी सामुद्रधुनीच्या मध्यावर. दोन महासागरांना जोडणारी ही वाट इतकी चिंचोळी, की एका वेळी एकच मोठं जहाज जावं. आज दोन्ही तोंडांनी एकेक युद्धनौका आत शिरली होती. एक पूर्वेच्या बड्या देशाची, एक पश्चिमेच्या. जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहणारे, आज खरोखरच पाण्यात समोरासमोर. आपसात बोलणं बंद. जे सांगायचं ते मनोऱ्याला, दोन वेगळ्या वायरलेसवरून.

"आधी त्याला थांबवा," पूर्वेचा कप्तान गुरकावला.

"आधी तो थांबेल," पश्चिमेचा.

मनोऱ्याचे साहेब फोन कानाला लावून घाम पुसत होते. "काकू, राजधानीचा आदेश येईपर्यंत..."

"तोवर माझी लेक तळाला जाईल. सरका."

काकूंनी तीन जावांच्या घरात संसार केला होता. मानापानाचं दुखणं कुठे ठणकतं, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एक बटण दाबलं आणि आवाजात साखर पेरली.

"कप्तानसाहेब, समोरच्यानं तुमचा मोठेपणा मान्य केलाय. म्हणतो, या पाण्यात हेच थोरले. मग थोरल्यानं घटकाभर थांबायला काय हरकत?"

मग दुसरं बटण. तीच साखर, तेच शब्द.

लाँचच्या दोन्ही अंगांनी येणाऱ्या नौकांपुढचा फेस हळूहळू निवला. दोन्ही नौका थांबल्या. टगबोटीनं लाँच ओढून धक्क्याला आणली. लेक पायऱ्या चढताना दिसली, तेव्हा कुठे काकूंनी श्वास सोडला.

"बघा साहेब, लोणी लावलं की मेलं लोखंडही ऐकतं."

त्याच ऐटीत त्यांनी पूर्वेच्या कप्तानाला कळवलं, "वाट मोकळी झाली. निघा आता माघारी. तोही निघेल."

"आम्ही कशाला निघू?" तो म्हणाला. "पाणी आमचं, हे त्यानंच कबूल केलंय ना? तुम्ही साक्षीदार."

काकूंनी पश्चिमेलाही तेच कळवलं. तिकडूनही तेच उत्तर आलं, शब्दाला शब्द.

काकूंचं बोट बटणावरच राहिलं. खाली, सामुद्रधुनीत, दोन्ही बाजूंनी नांगरांच्या साखळ्या खडखडत पाण्यात उतरत होत्या.