तांबड्याची बाजू

असोद्याच्या लोटनआबांच्या केळीची केबलवर जाहिरात करायची होती. जळगावच्या अभिमनने कॉम्प्युटरवर चार चित्रं एकामागून एक पुन्हा पुन्हा दाखवून आबांची तांबडी-पांढरी बैलजोडी चालती केली आणि आखलेल्या रेघेवरून गाडी पडद्यापार धाडली. परत आणायला त्याने तीच चित्रं आरशातल्यासारखी उलटवली.

आबा बघत होते. "जाताना तांबड्या उजवीकडं व्हता, येताना डावीकडं कायले जुपला? बाजू बदलली का तो चालनार नही."

"आबा, हे चित्र आहे."

गाडी मध्यावर आली आणि कॉम्प्युटर अडकला. बंद करून चालू केला, तरी येताना गाडी तिथंच अडली. तिसऱ्यांदाही तेच.

आबा चहाला गेल्याचं बघून अभिमनने गुपचूप परतीच्या चित्रांतल्या बैलांचे रंग आपसात बदलले.

गाडी सुरळीत घरी आली.